अकरा अंशांची रेघ

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात वाकता आलेलं नाही, कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं रक्तदाबाचं यंत्र तुम्ही दुरुस्त केल्यापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब एकच निघतो, असं तिच्या फोनवरून कळलं. समोरच्या इमारतीची गच्ची तिरकी आहे हे सांगायला तुम्ही तीन मजले उतरून गेलात, हेही कळलं. एकूण तब्येत ठणठणीत दिसते. मीही खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरी गोष्ट अशी, की मी आयुष्यात लावलेला एकुलता एक शोध खरा की खोटा हे येत्या गुरुवारच्या बैठकीत ठरणार आहे, आणि आपल्या जुन्या गावात दवाखाना उभा राहणार की नाही, हे त्यावर अवलंबून आहे. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो. पत्राचा शेवट आधी वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नका.

मागच्या वर्षी आमच्या विभागानं गावामागच्या डोंगराची विमानातून मोजणी केली, ते तुम्हाला आठवत असेल. लायडार म्हणतात त्याला. विमान वरून जाताना खाली लेसरचे किरण सोडतं, सेकंदाला काही लाख, आणि किरण आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढतात. बहुतेक किरण पानांवरून, फांद्यांवरूनच माघारी फिरतात; पण एखादा चिवट किरण फटीफटीतून जमीन गाठतोच. (मामीला तुमच्या बोलण्यातलं खरं असंच सापडतं.) मग कॉम्प्युटरवर झाडं आणि घरं वगळायची, जमिनीचे तेवढे ठिपके ठेवायचे, की जंगलाखालचा डोंगर उघडा दिसतो, वीतभर उंचवट्यासकट. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "ज्याला चालायचा कंटाळा, तो विमानातून जमीन मोजतो." साखळी आणि होकायंत्र घेऊन बत्तीस वर्षं पायी मोजणी केलेल्या आणि त्यात "एकही रेघ न चुकलेल्या" माणसाशी वाद कोण घालणार? (हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.)

तर त्या उघड्या डोंगरावर मला एक रेघ दिसली. कॉम्प्युटरमधला खोटा सूर्य आम्ही कलता ठेवतो, म्हणजे लहानसहान उंचवट्यांच्याही सावल्या लांब पडतात. तशा एका सावलीच्या रूपानं ती दिसली: सहाशे मीटर लांब, कमरेइतकी उंच, आणि निसर्गाला शोभणार नाही इतकी सरळ. जमीन एका बाजूनं वर सरकली की असाच कडा उभा राहतो. त्याला भ्रंश म्हणतात, आणि तो जागा असला तर त्याच्या आसपास भूकंपाची भीती असते. वाटेत दोन ओढे आहेत, तिथं रेघ तुटत होती. पाण्यानं कडा खाल्ला असणार, असं मी ठरवून टाकलं. (माणूस एकदा हरखला की पाण्याकडूनही हवं ते वदवून घेतो.) बारा वर्षं दुसऱ्यांच्या शोधनिबंधांच्या तळाशी "यांचे आभार" म्हणून छापला गेलेला मी, पहिल्यांदाच वर छापला जाणार होतो. आमच्या विभागप्रमुख बाई सहसा कौतुक करत नाहीत. त्या पडद्यापाशी चष्मा वर करून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बघू या." मी त्या दिवशी दोन मैल उगाचच चालत घरी गेलो.

पंचाईत अशी झाली, की रेघेच्या खालच्या टोकालाच नव्या दवाखान्याची जागा धरलेली आहे. आमचा अहवाल जाताच ते काम थांबलं. आम्ही खात्री करायला चर खणायला गेलो, तर तिसऱ्या दिवशी गावातल्या नर्सबाई चढ चढून आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, ती रेघ दोन हात पलीकडे घेता येईल का? बाळंतपणाची खोली तेवढ्यात बसते." मी त्यांना समजावलं, की ही रेघ मी मारलेली नाही, जमिनीनंच मारलेली आहे. "मग बायकांनी चाळीस किलोमीटर जायचं काय? पोट धरून?" एवढंच विचारून त्या उतरून गेल्या. शोध लागल्याचा आनंद तोपर्यंत फक्त माझा होता. त्याचा जाच आणखी कुणाला होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी चरात पडलो. (कंबर ती हीच.) पडलो ते बरं झालं, कारण मातीची भिंत नाकासमोर आली. भ्रंश असता तर मातीचे थर मोडलेले, एक बाजू वर आणि एक खाली, असे दिसले असते. इथं खाली जुनी काळी माती परीटघडीसारखी अखंड, आणि तिच्यावर खोलातला मुरूम उलटा आणून टाकलेला. शेजारी तो मुरूम जिथून काढला तो बुजलेला खड्डा. म्हणजे हा कडा नव्हताच, माणसानं घातलेला बांध होता; आणि ओढ्यांपाशी रेघ तुटत होती ती पाणी जायच्या मोऱ्यांसाठी सोडलेल्या जागांमुळे. मुरमात एक डांबर फासलेली लाकडी खुंटी होती. तिच्या डोक्यावर तीन खाचा आणि खाली फुली.

मामा, तुमच्या छत्रीच्या मुठीवर, चष्म्याच्या डबीवर, मला पहिलीत दिलेल्या कंपासपेटीच्या झाकणावर तीच खूण आहे. मी ती खुंटी हातात घेऊन चरात बसून राहिलो. आमच्या विभागप्रमुख बाईंनी वरून विचारलं, "ओळखीची खूण आहे का?" मी म्हटलं, "पाहावं लागेल." खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

परत आल्यावर जुन्या दप्तरातली फाइल काढली. तुमची पहिली नोकरी, गिरणीपासून खाणीपर्यंतच्या रस्त्यासाठी बांध घालायचा. तीन आठवडे काम चाललं आणि "वरून आदेश बदलला" म्हणून थांबलं, असं आपण सगळे ऐकत आलो. फाइलमध्ये आदेशबिदेश काही नाही. मंजूर दिशेपेक्षा बांध अकरा अंश बाजूला गेला म्हणून साहेबांनी काम थांबवलं, आणि त्याखाली तुमच्याच अक्षरात लिहिलंय: "होकायंत्रात बिघाड." वाचून मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. माझा शोध गेला याचं दुःख दोन दिवस होतं, ते आता ओसरलं. पण गुरुवारी मला उभं राहून सांगावं लागेल, की हा भ्रंश नाही, चुकून घातलेला बांध आहे. आणि लगेच कुणीतरी विचारणार, कुणी घातला? मी लहानपणापासून ज्यांच्यासारखं व्हायचं म्हणून मोजणीत शिरलो, त्यांचं नाव त्या वाक्यात घ्यायला माझी जीभ रेटत नाही. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. सोबत एक छापील कागद आहे. "सदर बांध मी घातला" असं लिहून, सही करून, तो बुधवारपर्यंत पोचेल असा पाठवा. एका खुंटीवर आणि जुन्या फाइलीतल्या एका ओळीवर बैठकीतले लोक विश्वास ठेवणार नाहीत. नर्सबाईंचं वाक्य तुम्ही वाचलंच आहे, म्हणून जास्त गळ घालत नाही.

दुसरा ता. क. : हे पत्र मामीला दाखवू नका. तिच्यासमोर तुमची चूक निघावी असं मला मनापासून वाटत नाही.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आम्ही सवयीनं नकाशातून घरं वगळतो. आज सगळी झाडं आणि घरं परत जागेवर ठेवली, आणि बांधाला पट्टी लावून रेघ पुढे ओढली. ती खाणीला जात नाही. शेतं ओलांडून ती नेमकी एका जुन्या घराच्या मागच्या जिन्याला टेकते. ते मामीच्या वडिलांचं, घड्याळजींचं घर. आणि मामी आम्हाला नेहमी सांगते, की लग्नाआधी ती रोज त्याच जिन्यावर केस वाळवत बसायची. जिन्याचा मध्य आणि तुमची रेघ यांत अर्ध्या मीटरचा फरक येतो, तोही बहुधा आमच्या विमानाचा. तेव्हा "चुकून" हा शब्द मी भाषणातून काढला आहे. छापील कागदावर "बांध या दिशेस घालण्याचे कारण" असा एक रकाना आहे, तो कोरा ठेवलाय. तुम्हीच भरा. फक्त पुन्हा "होकायंत्रात बिघाड" लिहू नका. खाली साक्षीदाराची सही लागते, आणि ती मामीची हवी.