सेकंदाला तीन हजार फूट

आदरणीय मेहुणे डेल्मर यांस ऑरिनचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आणि तुमची पिकअप, दोन्ही फारशी कुरकुर न करता चालत असतील अशी आशा. इकडे मॉन्टानात सगळे बरे आहेत; तुमची बहीण लोर्ना तर जरा जास्तच खुशीत आहे.

गेल्या ऑक्टोबरात चारशे यार्डांवरचा सांबरासारखा एल्क माझ्या हातून सुटला (वारा होता, हे मी आजही म्हणतो), तेव्हा तुम्ही शेकोटीपाशी सर्वांदेखत बजावलंत, "तुझी घरी भरलेली काडतुसं सेकंदाला तीन हजार फूट पळतात ना? मग आकडा आण. नाहीतर पुढच्या वर्षी तंबूत जागा नाही!" वीस वर्षं शिकारीला येणाऱ्या माणसाला हे फार लागलं. म्हणून गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ घ्यायला दुकानात गेलो. एक यंत्र बंदुकीपुढे तिपाईवर ठेवायचं आणि गोळी त्याच्यावरून मारायची. ढग आला की ते रुसतं. दुसरं नळीलाच बांधायचं, म्हणजे नेम बिघडतो. तिसरं रडारवालं, बाजूला नुसतं बसून सगळ्या चौकशा करतं (आमच्या शेजारीणबाईंसारखं). त्याची किंमत ऐकून मी दोन तास माहितीपत्रकंच वाचली. शेवटी लोर्ना म्हणाली, "अरे, दादाचं जुनं तिपाईवालं आपल्या गॅरेजात पडलंय की! कशाला दुकानदाराचं डोकं खातोस?"

नेमबाजीच्या रेंजवर बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहिलं, तुमचं यंत्र कुठेच आड येत नव्हतं. चाप ओढला, आणि यंत्रच तिपाईवरून उडालं. दुर्बीण नळीच्या दोन इंच वर असते आणि गोळी नळीतून निघते, हे मी नवशिक्यांना दर रविवारी शिकवतो. रेंज सांभाळणाऱ्या मेविसबाई ओरडल्या, "काय रे ऑरिन, आज यंत्राची शिकार का? कातडं सोलून देऊ?" सगळी रेंज हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग निमूटपणे रडारवालं घेतलं. दहा बारांची सरासरी, तीन हजार बारा फूट! मेविसबाईंच्या सहीचा कागद सोबत जोडला आहे. तेव्हा तंबूतली जागा धरून ठेवावी.

आपला,
ऑरिन

ता.क. तुमच्या यंत्राला एकच भोक पडलं आहे, अगदी मधोमध. माझ्या नेमाबद्दल तरी आता शंका नसावी.

दुसरा ता.क. मेविसबाई म्हणतात, डेल्मरला कागदावरचं नाव वाचायला सांग. ते दहाही बार लोर्नाचे. बंदूक तिची, काडतुसंही तिनेच भरलेली. माझा आकडा दोन हजार सहाशे चाळीस. जागा तिच्या नावाने धरा. तळावर भांडी घासायला माणूस हवा असेल तर कळवावं. मी पिकअपमध्ये झोपेन.