सोमेशनं मामाला सांगितलं

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

माकणी, ता. लोहारा
२० जुलै २०२५

ती. राजशेखर अण्णांस,
श्रीदेवीचे शरणु.

इकडं आमचं ठीक चाललंय. सोयाबीनची कोळपणी झाली, धरणातही पाणी बरं आहे. अव्वाचे गुडघे कसे आहेत? तिला जिने चढू देऊ नका.

वहिनींचा फोन आला होता. पंचमीला तुम्ही मला न्यायला येणार म्हणाल्या. अण्णा, येऊ नका. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणता आणि माझं बोलणं घशातच राहतं. हे म्हणाले, अण्णांना काही लिहू नको, झालं ते झालं. तरी लिहायला बसले. शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागणं आहे.

सोमेश आठवीत गेला. म्हणजे पटावर नाव आठवीत आहे, तो शाळेत जात नाही. पोरं त्याला "सरांचा लाडका" म्हणून हाका मारतात. हेडमास्तरांना भेटायला गेले तर म्हणाले, "ताई, पोरांची तोंडं मी कशी धरू? दाखला काढून दुसरीकडं घाला की. त्याला पण बरं, शाळेला पण बरं." चिडवणाऱ्या एका पोराच्याही आईबापाला त्यांनी बोलावलं नाही. दाखला मात्र लगेच लिहून ठेवला. आता तो यांच्याबरोबर रानात जातो.

तुम्हाला ती संध्याकाळ आठवते का? नवोदयच्या परीक्षेसाठी आम्ही त्याला उमरग्यात तुमच्याकडं ठेवलं होतं. गौरीशंकर सरांच्या क्लासचं नाव सगळ्या तालुक्यात, म्हणून. त्यानं मला सांगितलं नाही, बापाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं, दुकानात, पोत्यांच्या थप्पीमागं. "मामा, मला क्लासला जायचं न्हाय. सर मला एकट्याला थांबवून घेत्यात." पुढचंही सांगितलं, दहा वर्षांच्या लेकराला सांगता येतं तेवढं. तुम्ही दुकान तसंच टाकून त्याला गाडीवर घालून माकणीला आणलंत. अंगणात उभं राहून रडलात, अण्णा. अप्पा गेले तेव्हाही तुम्ही रडला नव्हता. म्हणालात, "श्रीदेवी, मी त्याला सोडत न्हाय."

पोलीस ठाण्यात तो हवालदार हसला. "पोरगाच हाय की. पोरीची गोष्ट वेगळी." तेव्हा टेबलावर हात आपटून तुम्हीच ओरडलात, "पोरगं लेकरू नसतंय का? लिवून घ्या!" मला त्या दिवशी लई धीर आला होता.

पुढं काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. सरांचे भाऊ माणिकप्पा बाजार समितीत. तुमच्या अडतीचा परवाना अडकला, हमाल येईनासे झाले. समाजाच्या बैठकीत चार मोठी माणसं म्हणाली, आपल्यातलाच माणूस आहे, मिटवून घ्या, पोराच्या अंगाला काय डाग लागतो? तुमचं माकणीला येणं कमी झालं. मी मनाला सांगायची, हंगाम आहे, सवड नसेल.

कोर्टात माझी साक्ष आधी झाली, म्हणून नंतर मला आत बसू दिलं. जज्ज बाई चांगल्या होत्या. त्यांच्याशी सोमेश बोलला. पण समोरचा वकील तोच प्रश्न उलटापालटा करून विचारायला लागला, तसा त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. घरी येताना एसटीत एवढंच म्हणाला, "मामा सांगंल की सगळं."

आणि मग तुमची तारीख आली. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहिलात आणि म्हणालात, "पोरगा अभ्यासाला कंटाळला होता. घरी जायचं म्हणत होता. दुसरं काही तो मला बोलला नाही." सरकारी वकिलानं पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत. अण्णा, मी समोरच्या बाकावर बसले होते. तुम्ही एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

सर सुटले. गुलाल उधळला, डीजे लावला, ते नोकरीला आहेत त्या शाळेनं शाल-नारळ दिलं. अपील करता येतं म्हणतात. पण सरकारी वकील साहेबच म्हणाले, "ताई, सख्खा मामा फिरला म्हटल्यावर वर काय सांगायचं?"

जूनमध्ये मी उमरग्याला येऊन गेले. तुमच्याकडं आले नाही. क्लासचे नवीन प्रवेश चालू होते, म्हणून फाटकापाशी उभी राहिले. येईल त्या आईबापाला सांगत होते, लेकराला इथं घालू नका. काहींना वाटलं मी भ्रमिष्ट आहे. एका बाईनं मात्र नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "कानावर आलंय हो आमच्या. पण नंबर यांच्याच क्लासचे लागतात. आणि आमचं पोरगं काय तसं भित्रं न्हाय." आणि पोराचा हात धरून आत गेली. मग सरांच्या माणसानं मला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. स्टँडवर दुसरी एकजण मागं मागं आली. माझा हात धरून म्हणाली, "माझ्या थोरल्याला पण." मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता वकिलाकडं जाऊ. ती हात सोडवून घेत म्हणाली, "न्हाय बाई. तुमच्या पोराचं काय झालं ते बघितलंय की आमी." आणि गर्दीत निघून गेली. तिचं नावही मला माहीत नाही.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. परवा वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, युवराजला यंदा नवोदयच्या तयारीसाठी लातूरला ठेवलंय, त्यांच्या बहिणीकडं. सरांचा क्लास तर तुमच्या घराच्या मागच्या गल्लीत. पोटचं पोर तुम्ही लातूरला का धाडलंत, अण्णा? मी वहिनींना विचारलं, तर त्या पंचमीचं बोलायला लागल्या. खोटं नाही सांगत, मला आधी बरंच वाटलं. एक लेकरू वाचलं. युवराज माझाही आहे. पण नंतर रात्रभर तेच डोक्यात. तुमची साक्ष कोर्टानं मानली, उमरग्यानं मानली, माकणीनं मानली. तुम्ही एकट्यानंच मानली नाही.

तुमची अडत पुन्हा चालू झाली, हे मला माहीत आहे. तुमचंही घर आहे, माणसं आहेत, हेही कळतं. मी तुम्हाला शिव्याशाप देत नाही. ते करायचंही बळ उरलं नाही.

गेल्या आठवड्यात सोमेश गोठ्यात शेण काढत होता. मधेच थांबून म्हणाला, "आई, म्या मामाला सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं ना?" मला म्हणायचं होतं, नाही रे राजा, तू सांगितलंस तेच बरोबर. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. कारण त्या घटकेला मलाही तेच वाटलं, अण्णा. सांगितलं नसतं तर हा शाळेत असता, यांना देवळापुढं माणसांत बसता आलं असतं, मला माहेर असतं. जन्मदात्या आईच्या मनात हे आलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा कामाला लागला.

तेव्हापासून तो मला काहीच सांगत नाही. काल चालताना पाय ओढताना दिसला. जबरदस्तीनं बसवून बघितलं, तर टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, सगळी टाच पिकलेली. किती दिवस झाले कुणास ठाऊक. मी रडायला लागले, "अरे, सांगायचंस की मला!" तर म्हणाला, "सांगून काय व्हतंय?"

हे पत्र अव्वाला वाचून दाखवू नका.

सोमेशची आई,
श्रीदेवी