खांबाशेजारची काठी

हिद्द, बहरीन
मार्च १९९४

अब्बा, सलाम.

जयगडच्या खाडीत पाण्याखालच्या खडकावर तुम्ही बांबू रोवायचात, त्याला अम्मीची जुनी ओढणी बांधायचात, आणि मी हसायचो. इकडे निघताना तर सगळ्यांसमोर म्हणालो होतो, तिकडे पोलादी खांब असतात.

परवा तसाच खांब मी इथल्या एका भरतीत बुडणाऱ्या खडकाच्या उत्तर कडेला बसवला. माथ्यावर दोन काळे शंकू. टोकं वर असली की होड्यांनी खांबाच्या उत्तरेकडून जायचं, खाली असली की दक्षिणेकडून. नकाशा आमच्या साहेबांच्या बाजूने उलगडलेला होता. मी समोरून बघितला, त्यावरची शंकूंची खूण मला उलटी दिसली, आणि टोकं खाली करून शंकू लावले. म्हणजे होड्यांना थेट खडकावरच बोलावलं!

आज सकाळी चहा पिताना हे लक्षात आलं. आज जुम्मा, सुट्टीचा दिवस; इथले लोक बायकापोरं घेऊन समुद्रात जातात. कप तसाच टाकून लाँच काढली.

पोचलो तर खांबाशेजारी खजुराची उंच काठी, तिला लाल चिंधी, आणि एक म्हातारा मच्छीमार येणाऱ्या होड्यांना हात करून उत्तरेकडे वळवतोय. "तेरा खंबा झूठ बोलता है," तो म्हणाला. एकही होडी खडकावर चढली नव्हती. अब्बा, मी तिथेच बसून रडलो आणि मग कितीतरी वेळ हसत राहिलो.

शंकू सुलटे केले. वायरलेसवर सगळं सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "ती काठी काढून टाक." मी म्हटलं, "नाही साहेब, ती राहील."

हे पत्र पाठवणार नाही, तुम्ही अख्ख्या मोहल्ल्याला वाचून दाखवाल. कळवेन ते एवढंच, की काम ठीक चाललंय, आणि कुणी इकडे येत असेल तर अम्मीची एक जुनी ओढणी पाठवा. इथल्या उन्हात चिंधी लवकर विटते.

तुमचा,
इमाद