जांघेतली तार

आई,

मागच्या महिन्यात माझ्या जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेली आणि ठोक्यांची गडबड करणारा तेवढा ठिपका जाळला. तुझ्यासारखीच माझीही छाती बसल्या बसल्या धडधडत सुटायची. दुसऱ्या दिवशी चालत घरी आलो. आनंद व्हायचा सोडून स्वतःची किळस येते आहे.

तुझ्यासाठीही डॉक्टरांनी हेच सुचवलं होतं. तू बाहेर बाकावर, आत मी आणि थोरले काका. बाबा गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. बहुतेकांचा त्रास कायमचा जातो, काहींना पुन्हा करावं लागतं. जांघेत रक्त साकळू शकतं. फार क्वचित हृदयाला भोक पडतं, किंवा ठोके मंदावून पेसमेकर बसवावा लागतो. काकांनी धोके ऐकलेच नाहीत, फक्त जांघ ऐकली. जाफराबादच्या जीपमध्ये बसताना माझ्या कानाशी म्हणाले, "आपल्या घरच्या बाईला असं उघडं टाकायचं का? गोळ्या चालू हायेत ना, मंग बस झालं." रोज तासभर पूजा करणारा माणूस, आणि आजारी भावजयीबद्दल त्याच्या डोक्यात हे.

घरी आल्या आल्या तू भाकरी थापायला बसतेस आणि विचारतेस, "काय म्हणले रे डॉक्टर?"

"गोळ्यांनी भागंल म्हणले."

"बरं झालं. मला वाटलं कापाकापी सांगतेत."

पुढं नऊ वर्षं धडधड सुरू झाली की तू हातातलं टाकून भिंतीला टेकायचीस. एकटीनं शेतात जाणं सोडलंस, मग एसटीनं माहेरी आष्टीला जाणंही. शेवटी गेलीस न्यूमोनियानं, तर काका दहाव्याला सगळ्यांना सांगत होते, "हार्टचं काही निघालं न्हाई बघा." आणि मी शेजारी बसून मान हलवत होतो.

काकांवर ढकलणं सोपं आहे. मी कमावता होतो, सही माझीच लागणार होती. डॉक्टर म्हणालेही होते, "आईंना आत बोलवा, त्यांनाच समजावतो." तुझ्यासमोर जांघेचं नाव निघेल या लाजेनं मीच नको म्हणालो.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. परवा तुझ्या सुनेनं विचारलं, "एवढंच होतं, तर आईंचं का न्हाई केलं?"

मी म्हणालो, तेव्हा ही सोय नव्हती.