देवदारचा भुसा

ता. ६ फेब्रुवारी

चि. बारकीस अ. उ. आ.

सोमवारी सकाळी आंघोळ, नामस्मरण उरकून मी तुझ्या दोघी उंदरिणींचा पिंजरा धुवायला बाहेर काढला. तू सांगून गेलीस त्याप्रमाणे आधी त्यांना जुन्या बादलीत ठेवलं. ठिपकी लगेच काठावर चढून कारभार बघू लागली आणि करडी तिच्या शेपटीमागे. पिंजऱ्यातले कागदाचे तुकडे काढून टाकले. त्यांना असा वास सुटला होता, की तुझी वहिनी नाक दाबूनच पलीकडून जायची. मनात आलं, सुताराच्या घरी राहून या बिचाऱ्यांनी कागदावर का झोपावं? सध्या एका कपाटाचं देवदारचं काम हातात आहे. रंध्याचा ताजा, कुरळा भुसा ओंजळीओंजळीने भरून जाड गादी केली. घरभर घमघमाट. दोघी आत घुसल्या, नुसत्या शेपट्या बाहेर. सुवासाचं सुख देवाने जनावरालाही दिलं आहे, असं वाटून बरं वाटलं.

वहिनी म्हणते, लोक उंदीर धरायला पिंजरा आणतात, आमच्या नणंदेने उंदरांना घर म्हणून आणला. पण रोज वाटाण्याचे चार दाणे तीच टाकते, माझं लक्ष नाही असं समजून.

तुला घरी आणण्याविषयी इस्पितळातल्या डॉक्टरांशी पुन्हा बोललो. त्यांचं एकच, की पुढच्या खोलीत करवत चालते, भुसा उडतो, त्या हवेत ही छाती पाठवणार नाही. पण तिथला कामाचा बाक वडिलांनी मांडलेला आहे. तो कुठे हलवणार? आणि उपचार तिथेच नीट होतात. बरी होऊनच ये.

प्रकृतीस जप. इकडची माया आटायची नाही.

तुझा
दादा

ता. १४ फेब्रुवारी

ती. दादास बारकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आज हाती आलं. तिसऱ्या मजल्यावर टपाल यायला पाय लागतात, आणि इथे पायांवर उभी असलेली माणसं थोडी. भुशाचं वाचलं आणि पुढचं न वाचताच कागद ओढला.

दादा, तो भुसा हे पत्र वाचून होताच काढ. देवदारचा वास आपल्याला गोड, त्यांच्या छातीला विष. सगळं सांगून आले आणि हेच राहिलं. तू कागद सोडून दुसरं काही घालशील असं मनात आलं नाही. सुताराच्या बहिणीच्या मनात यायला हवं होतं. पाठीला कान लावून ऐक, घरघर येते का. नाकाडोळ्यांपाशी लाल दिसलं तर रक्त समजू नकोस, पण दुखणं आलं आहे हे समज. जनावरांच्या डॉक्टरांकडे दोघींना एकत्र ने आणि एकत्रच आण. आजारी म्हणून एकीला बाजूला ठेवू नकोस, त्या एकेकट्या राहिल्या की खाणं सोडतात.

मी ठीक आहे. शेजारच्या पलंगावरच्या आजी मला खोकल्याची राणीसाहेब म्हणतात. मी त्यांना म्हटलं, गादीवर आधी तुम्ही बसलात, मी रांगेत आहे. परिचारिका आम्हा दोघींवर रागावली.

वहिनीला नमस्कार. बाकीचं पत्र आता वाचलं, वाटाण्यांचं मला ठाऊक होतं. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये.

तुझी
बारकी

ता. २३ फेब्रुवारी

चि. बारकीस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा ठिपकी गेली होती.

भुसा घातल्यावर चारेक दिवसांत तिचं नाक लाल झालं. मी ते रक्तच समजलो. श्वास घेताना सारं अंग आत ओढायची, ओल्या लाकडात करवत अडकावी तसा आवाज. करडीला लागण नको म्हणून ठिपकीला पुठ्ठ्याच्या खोक्यात वेगळं ठेवलं आणि ऊब मिळावी म्हणून खाली पुन्हा तोच भुसा घातला, चांगला दाबून. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, सुतारबुवा, हिला लाकूड चढलं. मी हसलो, मला ती थट्टा वाटली. औषध सुरू केलं, पण त्याचा उपयोग व्हायचा नव्हता. दुसऱ्या सकाळी ती खोक्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून पडली होती. पिंजरा ज्या बाजूला होता त्याच कोपऱ्यात.

भुसा सगळा जाळला. ज्या हातांनी गादी केली ते हात जोडायला दोन दिवस जड गेलं.

करडीची घरघर औषधाने कमी आहे, पण ती खात नाही. पिंजऱ्याच्या चारी कोपऱ्यांत जाऊन बघते आणि परत येते. वहिनीने तिला तळहातावर घेऊन वाटाणा सोलून भरवला. एरवी उंदीर म्हटलं की खुर्चीवर चढणारी बाई.

ज्या शिंपीणबाईंनी तुला या दोघी दिल्या त्यांच्याकडे दोन पिल्लं आहेत, घेऊन जा म्हणतात. मी नको म्हटलं. नवी सोबत आली की करडी त्यांची होईल. तू येशील तेव्हा तुझं म्हणून एक तरी ओळखीचं असावं.

मला क्षमा कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. आशीर्वादाखाली शोभत नाही. पण तू ते वाच.

तुझा
दादा

ता. ३ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वाचलं. खोडलेलंसुद्धा. रडू आलं, मग खोकला आला, मग रडायला सवड राहिली नाही. तुझ्यावर राग नाही. जे तुझ्याकडे सगळ्यांत चांगलं होतं तेच तू त्यांना घातलंस.

पण करडीचं तू चुकतो आहेस. मी येईन तोवर तिने माझी राहून काय करायचं? तिला अंगाला अंग लागायला हवं. पिल्लं आण. एकदम पिंजऱ्यात सोडू नकोस, ते तिचं घर आहे, ती चावेल. कुणाचीच नाही अशा जागी तिघींना भेटव. पिंजरा असा धू की जुना वास राहू नये. ठिपकीचाही.

आजींचा पलंग रिकामा झाला. गादी उलटी करून ठेवली आहे. मधे पडदा होता तोही काढला, आता कशाला म्हणून. मी भिंतीकडे तोंड करून झोपते.

मोठे डॉक्टर काल खुर्ची ओढून बसले. उभ्याने बोलणारा माणूस बसला, तेव्हाच समजलं. म्हणाले, आता औषध फक्त त्रास कमी करायला, ते घरीही घेता येईल. मग त्यांना आपल्याकडची करवत आठवली. मी म्हटलं, असू दे, बाक वडिलांचा आहे.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. लोभ आहे, त्याला धरून आहे.

तुझी
बारकी

ता. १७ मार्च

चि. बारकीस अ. उ. आ.

पिल्लं आणली. न्हाणीघरात तिघींना सोडलं. करडीने पाठ कमानीसारखी केली, अंग फुलवलं आणि एकीला सरळ उताणं पाडलं. वहिनी म्हणाली, झाली बाई सासू. मी हात घालणार होतो, तिने मला अडवलं. थोड्या वेळाने करडी त्या उताण्या पिल्लाचे कान चाटू लागली. पिंजरा आधीच शिरक्याच्या आंबट पाण्याने धुऊन उन्हात ठेवला होता. ठिपकीचा वास गेला. धुताना मी थांबलो, पण धुतला. आता तिघी कागदाच्या तुकड्यांत एकावर एक पडतात, कुणाचा पाय कुणाचा ते कळत नाही. करडी खाते.

तुझं पत्र मी वहिनीला वाचून दाखवलं. ती बाकावरची हत्यारं उचलून टोपलीत ठेवू लागली.

बाक सोडवायला दोन दिवस लागले. वडिलांनी त्यात एकही खिळा मारला नव्हता, सगळ्या लाकडी खुंट्या. त्या ठोकून काढताना प्रत्येक घाव आपल्याच छातीवर बसावा तसं झालं, पण लाकूड कुठे तडकलं नाही. लोहाराच्या शेडमध्ये कोपरा मिळाला आहे, करवतही तिकडे गेली. मग आम्ही दोघांनी भिंती, आढी, खिडकीच्या फटी ओल्या फडक्याने पुसल्या, पुन्हा पुसल्या. कोनाड्यात बोट फिरवून वहिनी मला दाखवते, बघा, कोरं आहे. हे सगळं मी तू गेलीस तेव्हाच करायला हवं होतं. तू बरी होऊनच यावंस असा माझा हट्ट होता. तो मी देवापाशीही धरला होता. आता सोडला.

डॉक्टरांची परवानगी घेतली. या पत्रामागोमाग मी गाडी घेऊन येतो आहे.

बाकाच्या चार पायांच्या फिकट खुणा फरशीवर राहिल्या आहेत, त्या पुसून जात नाहीत. तुझा पलंग त्यांच्यावरच मांडला आहे. पिंजरा उशाशी.

तुझा
दादा