पूजेला मांडलेले क्लॅम्प

तुवाकुडी,
आडि महिन्यातला दुसरा शुक्रवार

धाकट्या भावाला, मरुदमुत्तूला, थोरल्या अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघे दुखतात म्हणतोस, म्हणजे अजून चालतोस तर. आम्ही मजेत. आज मारियम्मन देवीची आंबील केली, गल्लीभर वाटली. मीठ जरा जास्त पडलं, पण कुणाची बिशाद बोलायची! माझी अक्षरं वाकडी येतात, समजून घे.

आधी आनंदाची बातमी. आपली कयल पास झाली! शाळेत नव्हे रे, तिचं ते फिक्श्चर, ड्रम जखडून धरायचा सांगाडा. बॉयलरचा ड्रम, हत्तीएवढा, एका अंगाला जाडजूड नळी. तो वेल्डिंगच्या फिरत्या टेबलावर जखडला आणि टेबल पार आडवं कललं. ड्रमचं काम देणाऱ्या कंपनीचे साहेब डोळे फाडून बघत होते. ड्रम केसभर हलला नाही.

मी कौतुकानं जवळ गेले, तर नात सगळ्यांदेखत ओरडली, "आजी, पिवळ्या रेघेच्या बाहेर!"

"अगं, तूच धरलंयस ना घट्ट?"

"धरलंय. पण माझ्या भरवशावर कुणी खाली उभं राहायचं नाही."

नंतर तिनं मला नीट समजावलं. नळीमुळे वजन एका कडेला, टेबल कललं की ड्रम तिकडेच ओढ घेतो. म्हणून खाली लोखंडी बैठक, पुढे अडवायला ठोकळा, आणि बोल्ट असे की एक तुटला तर बाकीच्यांनी पेलावं. मी म्हटलं, चांगल्या घरातल्या सुना जशा. खूप हसली.

आता तुझं मागणं. कंपनीनं तुझ्या टेबलाला सील लावलं, असं फिक्श्चर बसेपर्यंत ड्रमचं काम बंद, म्हणून कयलनं नकाशा द्यावा. "रक्ताचं नातं आहे, अक्का," लिहिलंयस. हो रे, रक्ताचंच. तुझ्या शेडच्या फरशीवर मी ते पाहिलंय.

आयुधपूजा होती. मी चुरमुरे-फुटाणे घेऊन दारात उभी. सगळे क्लॅम्प धुऊन, चंदन-कुंकू लावून देवीपुढे मांडलेले. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, एवढा तू भाविक. पण ड्रम पोचवायची घाई. माझा इलंगो म्हणाला, "मामा, क्लॅम्पशिवाय नको."

"चार टॅक मार, वेल्डिंगचे तेवढे टाके पुरे. भाचा आहेस म्हणून नखरे नकोत."

टेबलाचं बटण तूच दाबलंस. टॅक तुटले ते सुपारी फुटल्यासारखे. माझा लेक ड्रमखाली, आणि तू आधी धावलास ते देवीकडे, क्लॅम्पवर शिंतोडे उडाले का बघायला. मग पोलिसांना सांगितलंस, प्यायला होता. मी ओरडून खरं सांगत होते, तर म्हणे म्हातारीचं डोकं फिरलं. कयल तेव्हा रांगत होती. शाळेत तिला पोरं दारुड्याची म्हणायची.

परवा तिनं त्याच ड्रमचा हिशोब मांडला. म्हणाली, "आजी, ते चार टॅक तुटणारच होते. बाबा शुद्धीत असते काय, नसते काय." त्या दिवशी मी दोनदा जेवले.

नकाशा ती फुकट देतेय. "तिथंही माणसं काम करतात," म्हणाली. बापाच्या वळणावर गेली. पाठव म्हणून माझ्याकडे दिला, मी तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय. टेबल सीलबंद आहे, तेव्हा कुणी मरायचं नाही. तुझे वेल्डरही एकेक करून इकडे कयलकडेच कामाला आलेत. उपाशी राहशील तो तू एकटा.

हवा असेल तर स्वतः ये. दोन-तीन महिन्यांनी आयुधपूजेला, कयलच्या कारखान्यात. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल. मोठ्यानं म्हण, इलंगो प्यायला नव्हता, बटण माझ्या हातात होतं. मग नकाशा तुझा.

तोवर तुझं ड्रमचं काम दुसरीकडे गेलेलं असेल. कुठं, ते विचारू नकोस, मला हसू आवरत नाही. तरी ये. पोटभर वाढीन.

तुझी अक्का नव्हे,
इलंगोची आई,
वळ्ळियम्मा