पावाने झाकलेला पेला

३ जून १८४७
आले बाई एकदाची! समुद्राकाठचा हा उन्हाळी राजवाडा म्हणजे नुसता उजेड, रात्रसुद्धा धड काळी होत नाही. मला पेल्यांची खोली मिळाली. झारच्या महाराणींसाठी खास घडवलेले पेले, काठ सोनेरी, पोटावर निळी ढाल. आधीची पेलागेया तापाने गेली, तिच्या जागी मी. तिची आई, ल्युकेर्यामावशी, इथेच भांडी घासते. म्हणाली, ग्लाफिरा, हात हलका ठेव आणि तोंड बंद. स्वयंपाकघरातली भट्टी पेटवणारे येफीमकाका म्हणाले, पेल्यांआधी तूच फुटशील.

६ जून
मांडणीत एक पेला कमी! सापडला कोनाड्यात, देवाच्या तसबिरीखाली. वोडकाने भरलेला, वर काळ्या पावाचा तुकडा. मेलेल्या पेलागेयाचा वाटा. मरणानंतरचा चाळिसावा दिवस होईतो त्याला शिवायचं नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. पण उद्या कारभारी पेले तपासणार आणि माझी नोकरी नवी. मावशीला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. पेला धुऊन जागेवर ठेवला. वोडका फेकवेना, प्यायले. पावही खाल्ला.

७ जून
मावशीने रिकामा कोनाडा पाहून हंबरडा फोडला. लेकीने जन्मभर हे पेले पुसले, मेल्यावर तरी त्यातून घोट घ्यावा, एवढीच मावशीची हौस होती. सगळ्यांनी येफीमकाकांकडे पाहिलं. पिण्यात त्यांचं नाव आधीच झालेलं. काका गळ्यातला क्रूस धरून ओरडत होते, की बेवडा असेन मी, पण मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा नाही! कारभाऱ्यांनी त्यांना हाकलून दिलं. म्हातारा माणूस, जाणार कुठे? मी फडकं पिळत उभी राहिले. लाज वाटते मला माझी.

९ जून
त्या पेल्याच्या काठावर ओठांचा ठसा. पुसला. परत उमटला.

१० जून
आता सगळ्या पेल्यांवर. भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. भेगाळलेले ओठ, तापातल्या माणसाचे. तिला तहान लागलीय. माझ्यामुळे—
माझाही घसा सुकतोय. पाणी पिऊन पोट फुगलं, तहान जात नाही.

११ जून
अंग भाजतंय. उद्या सांगेन. देवाशप्पथ, उद्या—

१३ जून
ताप उतरला. तहान तशीच. मावशीपुढे गुडघे टेकले, मीच प्यायले म्हणाले, काकांना परत बोलवा. तिने मान वर केली नाही. मी ओरडून सांगितलं. ती दुसरा पेला भरत होती. वर पाव ठेवला. डोळे पुसत म्हणाली, ग्लाफिराही गुणाची पोर होती, कधी कुणाचं वाईट—
नाही मावशी! मी गुणाची नाही, ऐक, येफीमकाकांनी नाही, मी—